शंभर गाठींची लोकरी माळ: डोळे मिटून पारखायची वस्तू

ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत प्रार्थनेसाठी लोकरीच्या गाठींची माळ वापरतात. ग्रीक भाषेत तिला कोम्बोस्किनी म्हणतात, रशियनमध्ये चोत्की. आता ती ऑनलाइन सहज मिळते, आणि कॅथलिक, अँग्लिकन, प्रोटेस्टंट विश्वासणारेही ती वापरू लागले आहेत. घेणारा मात्र फोटो पाहून घेतो: क्रूस किती नाजूक विणलाय, मणी कोणत्या रंगाचे, गोंडा किती लांब. या वस्तूची पारख अशी होत नाही. ती हातात असते तेव्हा डोळे मिटलेले असतात, बहुधा खोलीत अंधार असतो, आणि ज्याला हाक मारायची तो डोळ्यांना दिसणारा नाही. बोटांना जे कळत नाही ते या माळेत असून नसल्यासारखं. हे परीक्षण त्याच कसोटीवर केलं आहे. मुख्य विषय १०० गाठींची लोकरी माळ. बाकीच्या साधनांचा विचार तिच्याशी तुलना करण्यापुरता.

माळेचा प्राण म्हणजे गाठ. ही आपली नेहमीची साधी गाठ नव्हे. धागा स्वतःवरच आडवा-उभा असा पुन्हा पुन्हा फिरवून एकेका गाठीत अनेक क्रूस गुंफलेले असतात. परंपरेतली कथा अशी की इजिप्तच्या अरण्यातले संन्यासी संत अँथनी प्रार्थना मोजायला दोरीला साध्या गाठी मारत आणि सैतान मागून त्या सोडवत जाई. मग क्रूसांनी गुंफलेली गाठ त्यांना दाखवण्यात आली, ती त्याला सुटेना. कथा बाजूला ठेवली तरी गाठीचा गुण खरा आहे. धागा स्वतःखाली इतक्या वेळा अडकलेला असतो की गाठ ओढली तर सैल न होता आणखी घट्ट होते. तिचा आकार छोट्या गोळीसारखा होतो आणि पृष्ठभागावर वेणीसारखे उंचवटे येतात. हेच उंचवटे अंगठ्याला ‘एक गाठ झाली’ असं सांगतात.

स्वस्त माळांत इथेच फसगत होते. जाड दोरीला साध्या एकपदरी गाठी मारून ‘प्रार्थनेची माळ’ म्हणून विकतात. अशी गाठ वापरता वापरता चपटी आणि टणक होते, दोन गाठींमधला दोरीचा तुकडा लांबत जातो, आणि काही महिन्यांत अंतरं विषम होतात. अंगठा एका गाठीवरून पुढच्या गाठीवर आपोआप न जाता तिला शोधू लागतो. शोधायला लागलं की लक्ष प्रार्थनेवरून माळेवर गेलंच. फोटोतही फरक ओळखता येतो. खऱ्या गाठीच्या तोंडावर बारीक क्रूस किंवा वेणी दिसते, साध्या गाठीवर नुसता पीळ. विक्रेत्याने गाठीचा जवळून घेतलेला फोटो दिला नसेल तर मागून घ्यावा.

गाठींची संख्या साधारण ३३, ५०, १०० किंवा ३०० असते. ३३ हा आकडा प्रभू येशूच्या पृथ्वीवरच्या वर्षांशी जोडला जातो. कोणती घ्यावी याचा हिशेब सोपा आहे. गाठ ७ मिलिमीटरची धरली तर ३३ गाठींचं कडं सुमारे २३ सेंटिमीटरचं होतं, म्हणजे मनगटात सैल बसतं. १०० गाठींचा फेर सुमारे ७० सेंटिमीटर, दुमडून हातात धरायला बरोबर. ३०० गाठींची माळ दोन मीटरच्या पुढे जाते. ती मांडीवर नीट ठेवली नाही तर तिला पीळ पडतो आणि सोडवण्यात वेळ जातो. मठात, ठरलेल्या नियमाने प्रार्थना करणाऱ्यासाठी ती ठीक आहे. घरी पहिली माळ म्हणून १०० चीच घ्यावी. ३३ ची मनगटात राहते हा फायदा खरा, पण मनगटात राहते म्हणूनच तिचा दागिना होतो.

विकत घेतल्यावर गाठी मोजाव्यात. हातविणीच्या मालात ९८ किंवा १०२ भरणं नवल नाही. प्रार्थनेला त्याने काही बिघडत नाही, देव तिथे हिशेब घेऊन बसलेला नाही. पण दर २५ गाठींनंतर मणी असलेल्या माळेत एका भागात २३ आणि दुसऱ्यात २७ असतील तर हाताची लय बिघडते, आणि तो दोष कायमचा राहतो. मणी म्हणजे दुभाजक, तो मोजणीत धरत नाहीत. कुणी मण्यावर थांबून एखादी दुसरी छोटी प्रार्थना म्हणतात, कुणी नुसते पुढे जातात. १०० च्या माळेत दर २५ नंतरचा मणी पुरेसा वाटतो. दर दहानंतरच्या मण्याने विसावे इतके होतात की एकाग्रता जमायच्या आत मोडते.

धागा लोकरीचाच हवा, याबाबत आमचं मत ठाम आहे. लोकर म्हणजे कळप आणि मेंढपाळ, काळा रंग म्हणजे पापांबद्दलचा शोक, असा अर्थ परंपरा देते, आणि तो मनात ठेवण्यासारखा आहे. पण वापराचं कारणही तितकंच मोठं. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात, त्यामुळे धागा धाग्याला धरून राहतो. गाठ सरकत नाही, हाताला थंड लागत नाही, पडली तर आवाज होत नाही. साटीन किंवा नायलॉनच्या माळा फोटोत चकचकीत आणि रेखीव दिसतात, रंगही हवे तेवढे मिळतात. पण तो धागा गुळगुळीत असतो. घामेजलेल्या बोटांतून एकाच ओढीत दोन-तीन गाठी निसटतात, आणि कापलेलं टोक आचेवर वितळवून बंद केलेलं असेल तर त्याचा कडक कोंब बोटाला टोचतो. ज्यांना लोकरीने खाज सुटते किंवा पुरळ येतं त्यांनी सुती धाग्याची माळ घ्यावी. ती लवकर मळते, पण हाताला शांत असते.

माळ तुटते कुठे? जवळजवळ नेहमी मानेशी, म्हणजे कड्याची दोन टोकं एकत्र येऊन क्रूस सुरू होतो त्या ठिकाणी. सगळा ताण तिथे येतो, कारण माळ खुंटीवर अडकवतात, खिशातून ओढतात, ती याच जागेला धरून. चांगल्या माळेत टोकं क्रूसाच्या गाठींमध्येच विणून नेलेली असतात; कच्च्या माळेत डिंकाचा थेंब लावून चिकटवलेली. नखाने हलकेच दाबून पाहावं: डिंक असेल तर जागा काचेसारखी कडक लागते. दुसरी कमजोर जागा मण्याचं भोक. लाकडी मण्याचं भोक घासून गुळगुळीत केलेलं नसेल, किंवा धातूच्या मण्याला धार राहिली असेल, तर लोकर आतून झिजते आणि बाहेरून सगळं ठीक दिसत असताना एक दिवस माळ हातात सुटते. मणी धाग्यावर गोल फिरवावा. किरकिर जाणवली किंवा मण्याजवळ लोकरीचा भुसा दिसला तर माळ परत करावी. काळा रंग कच्चा असतो, हा तिसरा त्रास. ओल्या पांढऱ्या सुती कापडाने एक गाठ चोळा. किंचित करडा डाग पहिल्यांदा चालेल. गडद काळा आला तर उन्हाळ्यात बोटं आणि कपडे दोन्ही रंगतील.

आता मुख्य चाचणी, दहा मिनिटांची. दिवा घालवा, डोळे मिटा, माळ डाव्या हातात घ्या (उजवा हात क्रूसाची खूण करायला मोकळा राहतो). क्रूसानंतरची पहिली गाठ अंगठा आणि तर्जनीमध्ये धरा. ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना एकदा म्हणा, आणि अंगठ्याने गाठ तळहाताकडे ओढून पुढची घ्या. एका प्रार्थनेला सहा सेकंद धरले तर १०० गाठींना बरोबर दहा मिनिटं लागतात. या दहा मिनिटांत चार गोष्टी कळायला हव्यात. प्रत्येक गाठ वेगळी लागते का? मणी आला हे न शोधता समजतं का? क्रूस आला हे मण्याहून वेगळं जाणवतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मधे कधीतरी माळ हातात आहे याचा विसर पडला का? पडला असेल तर माळ उत्तम आहे. संपूर्ण वेळ ती हातात जाणवत राहिली, रुतली, निसटली, वाजली, तर ती कितीही सुंदर असो, तिचं काम तिला येत नाही.

ही प्रार्थना आणि ही माळ एकमेकींना इतक्या का शोभतात, ते प्रार्थनेच्या शब्दांत पाहिलं की उमगतं. तिचं मूळ शुभवर्तमानातल्या दोन हाकांत आहे. ‘येशू, दावीदपुत्रा, माझ्यावर दया कर’ असं ओरडणारा बार्तीमय यरीहोच्या वाटेवर बसलेला आंधळा होता. ‘मज पाप्यावर दया कर’ म्हणणारा जकातदार मंदिरात दूर उभा होता आणि वर डोळे उचलायलाही धजत नव्हता. एकाला दिसत नव्हतं, दुसरा पाहत नव्हता. दोघांचंही ऐकलं गेलं. दिसत नसलेल्याला हाक मारण्याची भाषा या दोघांनी दिलेली आहे, आणि अंधारात गाठ चाचपणारा हात त्यांच्याच शेजारी बसलेला असतो.

देव दिसत नाही, ही ख्रिस्ती विश्वासातली अडचण म्हणून सांगितलेली गोष्ट नाही. विश्वासाची सुरुवातच तिथून होते. होरेब डोंगराजवळ लोकांनी वाणी ऐकली, आकृती पाहिली नाही, असं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात बजावलेलं आहे. शुभवर्तमानकार योहान पहिल्याच अध्यायात लिहितो की देवाला कोणी कधीही पाहिलं नाही, पुत्राने त्याला प्रकट केलं. म्हणून या प्रार्थनेत आधी पुत्राचं नाव येतं. पुत्र देहधारी होऊन दिसला म्हणून त्याची प्रतिमा रंगवता येते, हा निर्णय ७८७ सालच्या निकियाच्या दुसऱ्या धर्मसभेने दिला, आणि ऑर्थोडॉक्स घरात भिंतीवर आयकॉन, म्हणजे पवित्र चित्र, असतोच. तरीही ही माळ ओढताना मनात चित्र रंगवू नये, असं तीच परंपरा शिकवते. चौथ्या शतकातल्या इव्हाग्रियस या संन्याशापासून ही शिकवण आहे: प्रार्थनेच्या वेळी देवाला आपल्या आत कोणताही आकार देऊ नको. कारण स्पष्ट आहे. मन ताबडतोब एक चेहरा बनवतं, पाहिलेल्या चित्रांचे तुकडे जोडून, आणि मग त्या चेहऱ्याशी बोलू लागतं. उजेड दिसला, ऊब जाणवली, कुणी बोललं, असं काही झालं तर त्याच्या मागे न लागता पुढच्या गाठीवर जावं, हा सल्ला फार मोलाचा आहे. मनाला टेकायला काहीतरी लागतं, आणि गाठ ते देते. गाठीला चेहरा नसतो.

वापरात चुका होतात त्या बहुतेक मोजणीच्या. चौथ्या शतकातल्या इजिप्तच्या अरण्यात पॉल नावाचा एक संन्यासी रोज ३०० प्रार्थना म्हणायचा. ३०० खडे मांडीवर घेऊन एकेका प्रार्थनेला एकेक खडा टाकायचा. दुसरं कोणीतरी रोज ७०० म्हणतं हे कळल्यावर तो खचला आणि मकारियस या ज्येष्ठ संन्याशाकडे गेला. मकारियसने सांगितलं की आपण साठ वर्षं १०० च प्रार्थना ठरवून करतो आणि मन आपल्याला दोष देत नाही. ३०० करूनही तुझं मन तुला खात असेल तर एकतर तू त्या शुद्ध मनाने करत नाहीस, किंवा तुला जास्त जमत असून करत नाहीस. माळ विकत घेणाऱ्याने ही गोष्ट माळेसोबतच घरी न्यावी. शेवटच्या वीस गाठींवर वेग वाढतो, शब्द एकमेकांवर चढतात, ‘दया कर’ गिळलं जातं. असं झालं की थांबावं, एक गाठ मागे यावं आणि शब्द पुन्हा पूर्ण म्हणावेत. मोजणी चुकली तर पहिल्यापासून सुरू करू नये, असू तिथून पुढे जावं. झोप लागून माळ हातातून गळाली तर जाग आल्यावर सापडेल ती गाठ धरावी.

श्वासाबद्दल एक इशारा. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या ग्रीसमधल्या अथोस पर्वतावरच्या मठांतल्या काही लेखनात बसण्याची ढब आणि श्वास आवरण्याची पद्धत दिलेली आहे, आणि काही विक्रेते तिचा सारांश पत्रकावर छापून माळेसोबत देतात. अनुभवी मार्गदर्शक जवळ नसेल तर ते पत्रक बाजूला ठेवावं. श्वास जबरदस्तीने लांबवला किंवा जोरजोरात घेतला की चक्कर येते, हातापायांना मुंग्या येतात, छाती धडधडते, आणि नवख्याला तोच आत्मिक अनुभव वाटण्याचा धोका असतो. श्वास जसा चाललाय तसा चालू द्यावा. शब्द त्याच्यासोबत आपोआप बसतात.

‘विदेशी लोकांसारखी व्यर्थ बडबड करू नका’ हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वचन पुढे करून अनेक प्रोटेस्टंट मंडळी माळ नाकारतात. आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण वचनाचा रोख आहे तो फार बोलल्याने आपलं ऐकलं जाईल या समजुतीवर. गेथशेमाने बागेत प्रभूने तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, हे त्याच शुभवर्तमानात आहे. पुनरावृत्ती व्यर्थ होते ती आकड्याचा मोबदला अपेक्षिला की. अशी अपेक्षा स्वतःत दिसली तर काही महिने माळ बाजूला ठेवून तीच प्रार्थना न मोजता म्हणावी.

तुलनेला रोझरी, म्हणजे कॅथलिकांची जपमाळ, घेऊ. तिच्यात ५९ मणी असतात: ‘नमो मारिये’ या प्रार्थनेचे ५३, प्रभूच्या प्रार्थनेचे ६. तिचं काम वेगळं आहे. प्रत्येक दशकासोबत, म्हणजे दहा मण्यांच्या गटासोबत, ख्रिस्ताच्या किंवा मारियेच्या जीवनातल्या एका रहस्यावर मनन करायचं असतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली पाच प्रकाशमय रहस्यांची भर घातल्यावर ती एकूण २० झाली. म्हणजे तिथे मनाला प्रसंग दिलेला आहे, आणि मणी मागे चालत राहतात. ज्यांचं मन रिकाम्या अंधारात बिथरतं त्यांना रोझरी जास्त मानवेल, आणि ते कमीपणाचं मुळीच नाही. घेताना तारेच्या कड्या पाहाव्यात. कडीचं तोंड नुसतं दाबून बंद केलेलं असेल तर ते ओढ बसताच उघडतं. तार स्वतःभोवती गुंडाळून बंद केलेली कडी टिकते. अँग्लिकन माळेत ३३ मणी असतात, त्यांतले २८ सातसातच्या चार गटांत. प्रार्थना कोणती म्हणायची ते वापरणाऱ्यावर सोडलेलं आहे. चांगली आहे, पण बहुधा काचेची किंवा दगडाची असते, आणि शांत सभेत बाकावर आपटली की दहा माणसं मागे वळून पाहतात.

मोबाइलवरची मोजणीची अ‍ॅप्स आणि बोटात घालायचे बटणांचे काउंटर मात्र आम्ही कुणालाही सुचवणार नाही. पडद्यावर आकडा उजळतो आणि डोळा तिकडे जातोच. न दिसणाऱ्याकडे वळलेल्या माणसासमोर दिसणारा आकडा ठेवणं, आणि तोही आपल्याच कर्तृत्वाचा, हे त्या साधनाचं अंगभूत वैगुण्य आहे. सेटिंग बदलून ते जात नाही.

विक्रेत्यांबद्दल एकच, पण कठोर शब्दांत. ‘आशीर्वादित’ म्हणून जास्त पैसे मागणारा, नशीब उघडेल, नजर लागणार नाही, आजार बरा होईल असं लिहिणारा, यांच्याकडून माळ घेऊ नये. प्रेषितांच्या कृत्यांत शिमोन नावाच्या जादूगाराने देवाचं दान पैशाने घ्यायला पाहिलं, आणि पेत्राने त्याला काय सुनावलं ते आठव्या अध्यायात आहे. साधी माळ घ्यावी आणि आपल्या धर्मगुरूंकडून तिच्यावर आशीर्वाद मागावा. त्याला दाम नसतो. मठात विणलेली माळ मिळाली तर उत्तम, कारण विणणारे बहुधा प्रत्येक गाठीला प्रार्थना म्हणत विणतात आणि गाठी एका ताणाच्या येतात. फक्त ती मठातली आहे हे लेबलावर न जाता मठाच्या स्वतःच्या विक्रीतून खात्री करून घ्यावं.

निगा फारशी नाही, पण जी आहे ती पाळावी. अंघोळीला माळ काढून ठेवा. मळली तर थंड पाण्यात सौम्य साबण घालून दहा मिनिटं बुडवा, चोळू नका, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपा आणि सावलीत आडवी पसरून वाळवा. गरम पाण्यात चोळली की लोकरीचे खवले एकमेकांत अडकून गाठी आटतात, आणि मग शंभर गाठींची एक गुळगुळीत दोरी उरते. लटकवून वाळवली तर पाण्याच्या वजनाने मान ताणते. वापरात नसेल तेव्हा बंद डबीत ठेवा. कसर नाश करते हे शास्त्रात लिहिलेलंच आहे, आणि लोकर तिला फार आवडते. रोज हातात असलेल्या माळेला मात्र कसर सहसा लागत नाही.

नव्या माळेच्या गाठी पहिले काही आठवडे थोड्या ताठ लागतात. नंतर बोटांच्या उबेने त्या मऊ होतात, अंगठ्याच्या बाजूला किंचित चकाकी येते. मणी बदलता येतो, मान पुन्हा विणून घेता येते. गाठी इतक्या दाट झाल्या की एकेक ओळखूच येईना, तर माळ संपली. तशी आशीर्वादित माळ कचऱ्यात टाकत नाहीत. जाळून तिची राख स्वच्छ जागी पुरतात, किंवा आहे तशीच जमिनीत पुरतात.